छत्रीवाली कौशल्या

अमरावतीत राजकमल चौकामागच्या बोळात खुशालरावांचं चष्म्याचं दुकान आहे. नागसेन इंगळे लग्नाच्या आधीपासून तिथे कामाला. लोकांचे डोळे तपासायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, कोणाची दांडी ढिली झाली तर कसून द्यायची. शांत माणूस. "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" याच्यापलीकडे दिवसभरात फारसं बोलत नसे. पण त्या बुधवारी कुरियरवाल्याने त्याच्या हातात एक लहानसं खोकं ठेवलं, तसा तो हातातलं काम अर्धवट टाकून उठला.

"आली वाटते तुही जपानीण," खुशालराव गल्ल्यावरून म्हणाले.

"पाहू द्या आधी. खरी आहे का डुप्लिकेट ते."

खोक्यात कापूस होता आणि कापसात अंगठ्याएवढी प्लास्टिकची बाई. अंगात गडद निळा किमोनो, कमरेला रुंद पिवळा पट्टा, हातात कागदाची वाटावी अशी छत्री. नागसेनने भिंग डोळ्याला लावलं. केसांचा अंबाडा अलगद काढून डोक्यावरच्या बोंडावर कंपनीची बारीक अक्षरं आहेत का ते पाहिलं. हात फिरवून सांधे पाहिले. पाठीवरच्या पट्ट्याची गाठसुद्धा नीट छापलेली होती. नकली मालाला पाठ कोरी असते.

"खरी आहे," तो म्हणाला, आणि खुर्चीवर बसला. खुशालरावांनी न सांगता चहा मागवला.

या बाहुल्या कंपनी एखादं वर्ष बनवते आणि मग कायमच्या बंद करते. जमवणारे लोक अशांना 'रिटायर्ड' म्हणतात. रिटायर झालेली बाहुली दुकानात मिळत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच मिळवावी लागते. ही निळ्या किमोनोवाली कोचीच्या एका बाईकडे होती आणि तिला ती द्यायची नव्हती. नागसेन मोबाइलवर तिच्या विनवण्या करत राहिला. शेवटी तिला हवा असलेला एक जुना अंतराळवीर त्याने इंदूरच्या माणसाकडून मिळवून दिला, तेव्हा कुठे अदलाबदल झाली. सहा-सात वर्षं तो या एका बाहुलीच्या मागे होता.

त्याचं कारण त्याची मुलगी आम्रपाली. आमू.

आमू पाच वर्षांची असताना सीमाच्या, म्हणजे तिच्या आईच्या, बंगलोरच्या भावाने एक बंद पाकीट आणलं होतं. फोडल्यावर त्यातून लाल किमोनोतली एक बाई निघाली, हातात पंखा. किमोनोवर पाच पाकळ्यांची फुलं.

"ही कोण?" आमूने विचारलं होतं.

"जपानची बाई आहे."

"नाव काय?"

नागसेनला पटकन काही सुचेना. फुलं पाहून तो म्हणाला, "पंचफुला."

आमूच्या पणजीचंही तेच नाव. त्यामुळे ती बाई जपानची असली तरी पहिल्या दिवसापासून वऱ्हाडी बोलायला लागली. मग एकेक येत गेले. चिलखत आणि शिंगांचं शिरस्त्राण घातलेला लढवय्या आला, तो नत्थुजी झाला. त्याच्याकडे तलवार असली तरी तो भित्रा होता आणि पंचफुलाच्या दुकानात उधारीवर भजे खायचा. कंदील धरलेली हिरव्या किमोनोतली मुलगी आली. चहाचं भांडं घेतलेला म्हातारा आला. बुटांच्या खोक्यात त्यांचं गाव वसलं. दुकानातून आला की नागसेन चपला काढायच्या आधी विचारायचा, "काय म्हणते पंचफुला?" आणि आमू सांगत सुटायची. मुका म्हणावा असा तो माणूस आमूसमोर चार-चार आवाजांत बोलायचा.

आमू सात वर्षांची होती तेव्हा सीमा तिला घेऊन अकोल्याला वडिलांकडे निघून गेली. मोठं भांडण असं झालंच नव्हतं. सीमा अकोल्याच्या शाळेत शिक्षिका झाली होती, रोजचं जाणं-येणं जमत नव्हतं, आणि नागसेन अमरावती सोडायला तयार नव्हता. त्याला का सोडायची नाही हे सांगता आलं नाही, आणि तिने किती वेळा विचारायचं यालाही मर्यादा होती. दोघं एका घरात गप्प राहायला लागले, मग दोन गावांत. पुढे कोर्टात दोघांच्या संमतीने फारकत झाली. एक रविवार सोडून एका रविवारी नागसेनने अकोल्याला जाऊन मुलीला भेटावं असं ठरलं.

त्याच सुमाराला आमूने मोबाइलवर या छत्रीवाल्या बाईचा फोटो पाहिला. ती तेव्हाच बंद झाली होती.

"ही कौशल्या," आमू म्हणाली. "हे नत्थुजीची बायको आहे. माहेरी गेली, परतवाड्याले. येनार आहे."

"कवा येनार?"

"बस भेटली की."

ती बाहुली मिळवायचीच, हे नागसेनने त्या दिवशी मनात घेतलं. पुढे दर भेटीत नत्थुजी विचारायचा, "कौशल्या आली का?" आणि पंचफुला म्हणायची, "आज परतवाड्याची बस पंक्चर झाली."

आता ती आली होती.

रविवारी सकाळच्या बसने तो निघाला. बाहुली चष्म्याच्या डबीत, मऊ कापडात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं, तरी तो मनातल्या मनात कौशल्याचं येणं रचत होता. नत्थुजीने आधी रागवावं की रडावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

कृषीनगरातल्या घराचं दार सीमाच्या वडिलांनी, मोतीरामजींनी उघडलं. ते एसटीतून निवृत्त झालेले. जावई राहिला नसला तरी नागसेनवरची त्यांची माया गेली नव्हती.

"या. भेटली का ते रिटायर बाई?"

"भेटली."

"मीबी रिटायर आहो. मले कोणी इतकं शोधत नाई," असं म्हणून ते हसत आत गेले.

पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आमूने गाव मांडून ठेवलं होतं. ती आता नववीत होती. उंची आईएवढी झालेली, वेणीच्या जागी पोनी. बापाला पाहून ती उठली, "या पप्पा" म्हणाली आणि पाणी आणून दिलं.

"काय म्हणते पंचफुला?" नागसेनने विचारलं.

"काई नाई. चाललं आहे दुकान."

"डोळे झाक."

तिने डोळे झाकले. त्याने डबी उघडून बाहुली तिच्या तळहातावर ठेवली आणि पंचफुलाच्या आवाजात म्हणाला, "नत्थुजी, पाहा बरं कोण आलं. कौशल्या आली."

आमूने डोळे उघडले. हातातल्या बाहुलीकडे पाहिलं.

"कोण कौशल्या?"

क्षणभरच. मग तिचा चेहरा बदलला आणि ती घाईघाईने म्हणाली, "हो हो, कौशल्या. मुंबईवाली."

"परतवाड्याची."

"तेच म्हणून राहिली मी. परतवाड्याची. किती छान आहे पप्पा." तिने बाहुली डोळ्यांजवळ नेली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि नत्थुजीच्या शेजारी उभी केली. मग नत्थुजीला हलवत जाड्या आवाजात म्हणाली, "आली का व तू?"

नागसेन हसला. बाहुली एकदम हातात आली म्हणून पोरगी गोंधळली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. कौशल्याने सोबत काय आणलं, परतवाड्यात किती पाऊस झाला, हे तो सांगत गेला. आमू 'हो' म्हणत होती. मधे तिने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते त्याने पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने मोतीरामजींनी आमूला कोपऱ्यावरून कचोरी आणायला पाठवलं. ती गेल्यावर सीमा आतून आली. हात पुसत दाराशी उभी राहिली. आधी उभ्यानेच बोलणार होती, मग खुर्ची ओढून बसली.

"तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोल ना."

"आमूच्या क्लासची टेस्ट असते रविवारी. दर रविवारी. ते एक रविवार सोडून बुडवते. काल सरांचा फोन आला, म्हणे पोरगी हुशार आहे, पण अशानं मागं पडन."

"मले नाई बोलली ते."

"नाईच बोलणार." सीमा दिवाणावरच्या गावाकडे पाहत होती. "मीच सांगतो म्हटलं, तर माह्या हातापाया पडली. पण मले आता पाहवत नाई. ते खेळत नाई हे आता. सातवीत गेली तवापासूनच नाई खेळत. तुमच्यासाठी खेळते."

नागसेनने दिवाणावरच्या बाहुल्यांकडे पाहिलं.

"शनिवारी संध्याकाळी माळ्यावरून खोकं काढते. धूळ पुसते. जसं काई पंधरा दिवस इथंच मांडून होतं, असं मांडते. तुमी गेले की पुन्हा माळ्यावर. काल मले विचारून राहिली होती, मम्मी, मागच्या टायमाले पप्पानं काय सांगतलं होतं त्या नत्थुजीचं? मले कसं माहीत असन? मंग रडत बसली. म्हणे मी इसरली तर पप्पाले किती वाईट वाटन."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. नागसेनने चष्म्याची रिकामी डबी उचलली, बंद केली, पुन्हा उघडली.

"तुमाले दुखवायचं म्हणून नाई सांगत," सीमा म्हणाली. कोर्टाच्या दिवसांतसुद्धा तिचा आवाज इतका हळवा झाला नव्हता.

"नाई नाई. बरं केलं सांगतलं." सीमा उठून आत गेली.

आमू कचोरीचं पुडकं घेऊन आली. बापाचा चेहरा पाहिला, आत आईकडे पाहिलं, आणि पुडकं हातातच धरून उभी राहिली.

"मम्मीनं सांगतलं?"

"तुही टेस्ट असते म्हणे."

"ते काई नाई पप्पा. नंतर देता येते. सर देऊ देतात."

"आमू, बस इथं." ती दिवाणाच्या कडेला बसली. "तुले आता हे आवडत नाई, तर त्यात तुहा काई गुन्हा नाई. लहानपणचं होतं ते. मलेच समजाले पाहिजे होतं."

"मले आवडते," ती म्हणाली आणि रडायला लागली. आवाज न करता, खाली मान घालून. लहानपणी ती भोकाड पसरायची. असं रडायला ती कधी शिकली, हे नागसेनला माहीत नव्हतं.

"काहून नाई सांगतलं मले?"

तिने ओढणीने नाक पुसलं. मग म्हणाली, "मंग आपण काय केलं असतं?"

"म्हणजे?"

"तुमी आल्यावर. दिवसभर. आपण काय बोललो असतो?"

त्याने खरंच उत्तर शोधून पाहिलं. मग त्याने विचारलं, "मैत्रीण कोण आहे तुही?"

"अपेक्षा."

"क्लासातली?"

"शाळेतली. क्लासातबी आहे."

"कोणता विषय आवडते?"

"बायोलॉजी."

"चांगलं आहे."

झालं. तो एक विचारायचा, ती एक सांगायची आणि खोली गप्प व्हायची. तिला डॉक्टर व्हायचं आहे का, हे विचारावंसं त्याला वाटलं, पण ते बापाला आधीच माहीत असायला पाहिजे असं वाटून त्याने विचारलं नाही. कचोऱ्या तशाच पडून होत्या. तिलाही त्याची कीव आली असावी, कारण ती आपणहून उठली आणि भिंतीवर लावलेलं क्लासचं वेळापत्रक दाखवायला लागली. मंगळवारी काय असतं ते वाचून दाखवताना तिने नाक कागदाला टेकेल इतकं जवळ नेलं.

नागसेन उठला.

"इथून नाई दिसत तुले?"

"दिसते. बारीक अक्षर आहे ना."

तो तिला हाताला धरून दारात घेऊन गेला. "समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाच."

"ते मले पाठ आहे पप्पा."

"त्याच्या बाजूची वाच. फोन नंबर वाच त्याच्यावरचा."

तिने डोळे बारीक केले. पहिला आकडा चुकला, पुढचे तिला सांगताच येईनात. त्याने तिचा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकला. डाव्या डोळ्याने तर तिला पाटी कुठे संपते तेसुद्धा कळेना.

"कवापासून आहे हे?"

"दिवाळीपासून फळा नीट नाई दिसत. अपेक्षाच्या वहीतून उतरवून घेतो मी."

"मम्मीले नाई सांगतलं?"

"म्हटलं, पप्पा येतीन तवा पप्पाले सांगू. तुमीच तर डोळे पाहता." ती थांबली. "पण तुमी आले की मंग हेच सुरू होते."

तिने दिवाणाकडे बोट दाखवलं नाही. तशी गरजच नव्हती.

दिवाळीपासून तो कितीदा येऊन गेला होता. दर वेळी याच पोरीसमोर बसून त्याने भिंगाखाली तलवारीची मूठ दाखवली होती, पंख्यावरची रेघ दाखवली होती. ती बाहुली डोळ्यांजवळ नेते हे त्याने पाहिलं होतं आणि त्याला वाटलं होतं, पोरगी बापासारखी बारकाईने पाहते. आख्ख्या अमरावतीचे डोळे तपासणारा माणूस, आणि घरच्या डोळ्यांत त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने तिच्या उजव्या डोळ्यावरचा हात काढला. तो हात ओला झाला होता.

दुपारी त्याने सीमाला विचारून आमूला अकोल्यातल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, पण रविवार म्हणून सगळं बंद होतं. सीमा म्हणाली, मी उद्या शाळेतून आल्यावर नेतो. नागसेनने मोजपट्टीने आमूच्या दोन्ही बुबुळांमधलं अंतर घेतलं, नाकाचं माप घेतलं. माप घेताना तिचा चेहरा त्याच्या इतका जवळ होता, आणि ती अवघडून छताकडे पाहत होती.

निघायच्या वेळी आमूने बाहुल्या एकेक करून खोक्यात ठेवल्या. निळ्या किमोनोवालीला तिने कापडात गुंडाळलं.

"तुमी घेऊन जा पप्पा. इथं माळ्यावर पडून राहतीन. उंदरं आहेत."

"तुले एखादी ठेवाची का?"

तिने विचार केला. खोटं बोलावं की नाही याचा तो विचार होता, हे आता त्याला कळत होतं.

"नाई," ती म्हणाली.

"ठीक आहे. टेस्ट बुडवू नको आता."

डॉक्टरांचा कागद सीमाने मोबाइलवर पाठवला. नागसेनने दुकानातली सगळ्यात हलकी फ्रेम निवडली, काचा स्वतः घासल्या. खुशालराव मागे येऊन उभे राहिले, नंबर पाहिला आणि परत गल्ल्यावर जाऊन बसले. खोकं दुकानातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या फ्रेमींच्या मागे ठेवून दिलं होतं. कोचीच्या बाईचा मेसेज आला, मुलीला आवडली का. त्याने 'हो' लिहिलं.

पुढच्या भेटीच्या रविवारी तो थेट क्लासपाशी गेला. टेस्ट सुटल्यावर पोरापोरींचा घोळका बाहेर आला. आमूने त्याला पाहिलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "हे माहे पप्पा." अपेक्षा नावाच्या त्या मुलीने नमस्कार केला. नागसेनने खिशातून नवा चष्मा काढून आमूच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे दांडी नीट बसली का ते बोटाने पाहिलं.

"दिसते का?"

आमूने रस्त्यापलीकडे पाहिलं, वर विजेच्या तारांकडे पाहिलं. "लय साफ दिसते पप्पा." मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि जरा वेळ पाहतच राहिली. "तुमचे केस पांढरे झाले," ती म्हणाली.

"हो. झाले थोडे."

"जेवले का तुमी?"

"जेवतो स्टँडवर. तू जेवली?"

"मम्मीनं डबा देला आहे. आता डाउटची बॅच आहे, तीनपर्यंत." ती मागे वळून पाहत होती, घोळका परत आत निघाला होता. "थांबसान का?"

त्याला थांबायचं होतं. पण तीननंतर ती थकलेली असेल, आणि त्याच्यासाठी म्हणून पुन्हा काहीतरी बोलत बसेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"नाई. दुकानात काम आहे," तो म्हणाला. रविवारी दुकान बंद असतं, हे तिला माहीत होतं. तिने मान हलवली.

"फोन करजो," तो म्हणाला.

"करतो पप्पा."

ती गेली. दाराशी जाऊन तिने वळून हात केला. एवढ्या लांबून त्याचा चेहरा तिला आज स्पष्ट दिसत असणार, म्हणून तो हसत उभा राहिला, ती आत जाईपर्यंत.

दुपारच्या अमरावती बसमध्ये त्याला मधली सीट मिळाली. अकोला मागे पडलं तसं त्याचं तोंड आपोआप वेडंवाकडं व्हायला लागलं. त्याने रुमाल तोंडावर धरला, खोकल्याचं निमित्त केलं, पण खांदे हलायचे थांबेनात. खिडकीशी मोर्शीची एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी. तिने थोडा वेळ बाहेर पाहिल्यासारखं केलं. मग पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

"घरचं कोणी गेलं का भाऊ?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं. पाणी प्यायला.

"अकोल्याले पोरगी असते माही," तो म्हणाला. "तिलेच भेटून येऊन राहिलो."

"बरी आहे ना ते?"

"बरी आहे. हुशार आहे."

"मंग चांगलं आहे की," बाई म्हणाली.

"हो," नागसेन म्हणाला, आणि बाटलीचं झाकण लावून त्याने ती तिला परत दिली.